बाबांना उचलायचं बळ

मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. बाबा अंथरुणाला खिळले होते. रोह्यातल्या कंपनीत शिफ्टला जाण्याआधी त्यांना पलंगावरून उचलून न्हाणीत नेणं माझं काम. कंपनीत मी आयुष्यभर ड्रम हलवलेले. बाबांचं वजन मला जाणवतही नसे.

पेणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गाठ टेस्टोस्टेरॉनवर वाढते. म्हणून ते बंद करायचं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, दोन वर्षं."

मी "बरं" म्हणालो. बायकोला तेवढंच सांगितलं. बाबांना काहीच नाही.

चौथ्या इंजेक्शनपर्यंत शर्टाच्या बाह्या ढगळ झाल्या, पोट मात्र सुटलं. बायको रोज अंडी, मुगाची उसळ, सुकट समोर ठेवायची. मी सगळं संपवायचो, पण अंगी लागत नव्हतं. मनाचंही तसंच. मुलीनं नोकरी लागल्याचा फोन केला, मी "छान" म्हणालो आणि फोन बायकोकडे दिला.

एका सकाळी बाबांना अर्धवट उचललं आणि हात सुटले. ते पलंगाला घासत खाली बसले. लागलं नाही. त्यांनी माझा दंड चाचपला.

"तुझं दंड कुठं गेलं रं?"

"घामानं हात निसटला, बाबा."

"घाम कुठं हाय?"

बायको धावत आली. मला बाजूला सारून तिनं त्यांना काखेत धरून वर घेतलं. मी टॉवेल घेऊन उभा. लाज वाटायला हवी हे कळत होतं. वाटली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, "एवढं खातो, ते जातं कुठं?"

"स्नायू रोज थोडे झिजतात आणि खाल्लेल्या प्रथिनांतून पुन्हा बांधले जातात," त्या म्हणाल्या. "त्या बांधणीला टेस्टोस्टेरॉन जोर देतं. तेच आपण थांबवलंय. झीज चालू आहे, बांधणी मंदावली."

"मग अंडी बंद करू?"

"नको. पण नुसतं खाऊन भागणार नाही. वजन उचला. स्नायूंवर भार पडला की तेही बांधणीला लागतात."

मनाचं विचारलं. तेही इंजेक्शनामुळे असू शकतं, म्हणाल्या.

परतताना गाडी कासू स्टेशनात बराच वेळ थांबली. बाबांना सांगायचं, एवढं तिथं ठरलं. संध्याकाळी सांगितलं. त्यांनी पुन्हा माझा दंड चाचपला.

"मग मला कशाला उचलतोस? मी हाय तसा पडून ऱ्हातो."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर पाण्याचे दोन कॅन उचलू लागलो. थांबलो की ते म्हणत, "अजून एक." न्हाणीत मात्र बायको आणि मी मिळून न्यायचो.

थंडीत बाबा गेले. तिरडीला खांदा दिला, पण गल्लीच्या वळणावर खांदा थरथरू लागला. पुतण्यानं न बोलता जागा घेतली. पुढचं सगळं अंतर मी मागून चालत गेलो. लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. डोळे कोरडेच होते.

आता इंजेक्शनं संपली आहेत. गाठ शांत आहे. परवाच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन थोडं वर आलंय. या वयात पूर्वीएवढं येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

"कसं वाटतंय?" बायकोनं विचारलं.

"अजून काय कळत नाय," मी म्हणालो.

तिनं ताटं वाढली. आम्ही जेवायला बसलो.