खिशातला फ्यूज

परवा हत्यारांची पिशवी झटकली, तर पक्कड आणि टेस्टरच्या खाली चिनी मातीचा जुना पांढरा फ्यूज सापडला आणि शिकाऊ असतानाचा तो दिवस आठवला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात मी आणि माझे उस्ताद वायरिंग बदलत होतो. कुणी मध्येच लाइट चालू करू नये म्हणून मी बोर्डातला फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि उस्ताद माझ्या खांद्यावर हात टेकून शिडीवर चढले. बंद मशिनींपुढे कारागीर ताटकळले होते, शेठ सारखा "जल्दी करो भाई, माल देना है" करत होता. टेप संपली म्हणून उस्तादांनी मला दुकानात पाठवलं. तिथे खिसा चाचपला, तर फ्यूज नाही! कारखान्यातच पडला असला आणि कुणी उचलून बोर्डात बसवला तर? उस्तादांच्या हातात उघड्या तारा होत्या. टेप काउंटरवरच टाकून मी धावत सुटलो. गल्लीच्या तोंडाशी मशिनींची घरघर ऐकू आली, म्हणजे लाइट आली, आणि मी आणखी जोरात पळालो. पण ती शेजारच्या कारखान्याची होती. उस्ताद शिडीवर धडधाकट उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच्या खिशातून फ्यूज काढून दाखवला. "चढतानाच घेतला तुझ्याकडून. ज्याचे हात तारेला, फ्यूज त्याच्याच खिशात. आणि टेप कुठाय?" आता बोर्डांत फ्यूजच्या जागी एमसीबीचे खटके आलेत, काढून खिशात घालण्यासारखं काही उरलं नाही, तरी शिडीवर चढलो की तारेआधी माझा हात त्या रिकाम्या खिशाकडे जातो.