तर्री आलेलं अवियल

अकोल्यात आमच्या नात्यातल्या घरांमध्ये, आणि आता अमरावतीतल्याही काही घरांत, लग्नाकार्यात ज्या भाजीला ‘अवियल’ म्हणून वाढतात, ते अवियल नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते मी तयार केलं. माझं वय झालं आहे, जीव वरखाली होत असतो, तेव्हा हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

माझ्या मुलाने, नीलेशने, केरळातल्या पालक्काडच्या श्रीजाशी लग्न केलं आणि दोघं आमच्याकडे अकोल्याला राहायला आली. मुलगी गुणाची. घरात सगळ्यांत शुद्ध मराठी तीच बोलते (ती पुस्तकातून शिकली, आम्ही एकमेकांकडून). मला आवडली, माझ्या बायकोला, सुमनला, आवडली. प्रश्न होता माईचा. माई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला माईने वाढवलं. ती अकोटला राहते, पण आमच्या घरात तिने होकार दिल्याशिवाय पडदासुद्धा बदलत नाही. ती लग्नाला आली नव्हती. पुढे तिचा फोन आला, “पोट्टीच्या हातचं जेवाले येतो. घास गोड लागला त सून म्हणन. नाई लागला, त तुमी तुमच्या घरी, मी माह्या घरी.”

श्रीजाने ठरवलं, अवियल करायचं. तिच्या आईची भाजी. सामान आणायला मी जुन्या शहरात गेलो. कोहळा मागितला तर भाजीवाल्याने सहानुभूतीने विचारलं, “कोनाची नजर लागली, काकाजी?” आमच्याकडे कोहळा दाराला टांगतात, खात नाहीत. नारळ मागितले तर नारळवाला म्हणाला, “कोन्त्या देवाले चालले?” खोबरेल तेलाची बाटली मी पिशवीत टाकली खरी, पण ती सुनेने केसांसाठी मागवली असणार, असं समजून घरी आल्यावर न्हाणीघरात नेऊन ठेवली. तिथून श्रीजाने ती शांतपणे परत ओट्यावर आणली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माईला आणायला सुमन आणि नीलेश एसटी स्टँडवर गेले. भाज्या शिजल्या होत्या, खोबऱ्या-मिरचीचं वाटण पडलं होतं, दही घालून झालं होतं. श्रीजाने वरून कच्चं खोबरेल तेल आणि कढीपत्ता टाकला आणि गॅस बंद केला.

“बाबा, मी साडी नेसून येते. याला हात लावू नका. ढवळायचं नाही, तुकडे मोडतात.”

“मी कशाला हात लावतो?”

मी हात लावला नाही. फक्त झाकण उचलून पाहिलं.

पातेल्यात सगळं पांढरं होतं. शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, कोहळा, सगळं आजारातून उठल्यासारखं. थेंबभर तर्री नाही. आता वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगतो, भाजीवर तेलाचा लाल तवंग तरंगला नाही तर आमच्याकडे पाहुण्याला वाटतं, एक तर यजमान गरीब आहे, नाहीतर आपण नकोसे आहोत. माझ्या डोळ्यांपुढे माई आली. घास न घेता हात धुणारी माई. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलेली माई. आणि मी विचार केला, पोरीला काय माहीत आपल्याकडची रीत? थोडी मदत करू.

कढईत तेल तापवलं. थोडं ओतणार होतो, पण डबा जड होता. लसूण, कांदा, लाल तिखट, काळा मसाला. फोडणीचा वास असा सुटला की शेजारच्या देशमुखकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, “काय रांधून राहिले वं, श्रीजा?” मी बाईच्या आवाजात हुंकार दिला आणि फोडणी अवियलवर ओतून गॅस लावला.

दही फाटलं. लाल तेलात पांढरे गठ्ठे तरंगायला लागले. ते मोडावेत म्हणून ढवळलं, तर केळी मोडली. केळी मोडली म्हणून आणखी ढवळलं, तर कोहळा नाहीसा झाला. भाजी पातळ दिसायला लागली. वऱ्हाडी माणूस अडचणीत सापडला की त्याचा हात आपोआप बेसनाच्या डब्याकडे जातो. मी बेसन टाकलं. ते इतकं घट्ट झालं की पळी उभी राहिली. मग पाणी. मग पातेलं भरलं म्हणून मोठं पातेलं.

श्रीजा स्वयंपाकघरात आली आणि माई घरात आली, दोन्ही एकदमच. श्रीजाने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात पळी होती, मिशीला बेसन होतं.

“बाबा, अवियल कुठे आहे?”

“त्याच्यातच आहे,” मी म्हणालो.

दुसरं काही करायला वेळच नव्हता. पानं वाढली. माईने भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने दुसरा घास घेतला. मग वाटी पुढे केली.

“आन आनखी. हे त बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याची चुलत बहीन दिसते. अन शेंगा काय मुरल्या, बाप्पा! तू केलं काय, सूनबाई?”

श्रीजाने तोंड उघडलं. तिच्याआधी मीच बोललो, “मंग कोन करन? तिनंच.”

“याले काय म्हन्ते तुमच्यात?”

श्रीजा हळूच म्हणाली, “अवियल.”

“पोट्टी आपली हाये,” माई म्हणाली, आणि विषय संपला.

खरं तर सुरू झाला. माईने अकोटभर सांगितलं. भाच्याच्या साखरपुड्याला अवियल, मुंजीला अवियल. श्रीजा निमूटपणे कांदा-लसणाची फोडणी द्यायची, बेसन लावायची. मी तिच्याकडे पाहणं टाळायचो. वाटायचं, नांदतेय ना सुखाने, कशाला उकरायचं?

मग यंदा पालक्काडहून तिची आई आली. माई मुद्दाम भेटायला आली आणि तिने हुकूम सोडला, “मायले तुह्या हातचं अवियल घाल.” विहीणबाईंनी एक घास घेतला आणि लेकीला त्यांच्या भाषेत काही विचारलं. श्रीजाने मान खाली घातली.

“काय म्हन्ते?” माईने विचारलं.

नीलेश म्हणाला, “विचारताहेत, तू घरचं सगळं विसरलीस का?”

श्रीजाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याने राहवलं नाही.

“माई, हे तिच्या घरचं नाई. पयल्या दिवशी थे म्या केलं होतं. तिचं म्या बिघडवलं.”

“कोनं?”

“म्या.”

“तुले चहा येते?”

“नाई.”

“यायले गॅसचं बटन कोन्तं, थे माहीत नाई,” सुमनने साक्ष दिली.

“लाज वाट्टे काय, बापू?” माई कडाडली. “पोरीची माय समोर बसून हाये, अन तू तिच्या लेकीचं नाव खाऊन राहिला?” तिने श्रीजाचा हात धरला तो सोडलाच नाही. विहीणबाईंना मराठी येत नाही, पण कोण कोणाच्या बाजूने भांडतंय ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा निवला.

मी हट्टाला पेटलो. सगळ्यांसमोर तीच भाजी करून दाखवायला ओट्याशी उभा राहिलो. तेच तेल, तोच मसाला. बेसनाच्या गोळ्या झाल्या, खाली लागलं, धूर झाला. माईने बोटावर थेंब घेऊन चाखला आणि श्रीजाला म्हणाली, “हा मानूस खोटं बोल्ते. तू आपल्या मायसाठी तिच्या आवडीचं कर.”

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा पांढरं अवियल पानात पडलं. विहीणबाई पोटभर जेवल्या. माईनेही दोनदा घेतलं, म्हणाली, “हे बी तुलेच येते काय, पोरी?”

अशी आता दोन अवियलं झाली आहेत, आणि दोन्ही श्रीजाच्या नावावर. माझ्या नावावर ते जळालेलं पातेलं आहे. ते मीच केलं, याबद्दल घरात कोणालाही शंका नाही. घासायलाही मलाच दिलं.