एडक्याची अंघोळ
ओल्या गोणपाटाचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याच्या बागेसाठी मी अंगणात खराखुरा वाटेल एवढा मोठा एडका घडवला होता. आत वाकवलेल्या सळ्या, त्यावर जाळी, वरून काँक्रीट आणि शिंगं पत्र्याची. काँक्रीट आठवडाभर ओलं ठेवावं लागतं, नाहीतर त्याला तडे जातात. आणि सोलापुरात मे महिना, नळाला पाणी पाच दिवसांनी! एडक्याला गोणपाट गुंडाळून मी बादली उचलली, तर वडील पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभे. “माणसं हितं तांब्यानं अंघोळ करतात आणि तू सिमेंटला पाणी पाजतोस व्हय?” मी भांडलो, हात जोडले, रात्री जेवलोही नाही. सकाळी बाहेर येऊन बघतो, तर वडील पंचा नेसून थेट एडक्याच्या पाठीवर बसलेले आणि अंगभर साबण! “बाबा, उतरा! डाग पडतील!” मी ओरडलो. “एका पाण्यात दोघांचं भागतंय की,” म्हणाले आणि डोक्यावर तांब्या ओतला. आठवडाभर ऐकलं नाही. शेवटी डाळिंबवाला आला, पाठीवरचे पांढरे ओघळ बघून म्हणाला, “ह्याला खरूज झालीय व्हय?” आणि एडका न घेताच गेला. मी महिनाभर वडिलांशी बोललो नाही. आता वडील नाहीत, एडका मात्र दारातच आहे. ब्रशनं घासघासूनही ते ओघळ जात नाहीत. माझ्या बाकीच्या कामांना उन्हानं कुठे ना कुठे चीर गेलीच; ह्याच्या अंगावर मात्र, चिडून कितीदा शोधलं तरी, एकही तडा सापडत नाही.