फिल्टरची कॉफी

"आधी मोजून घेऊ, ताई."

हे वाक्य दादांच्या तोंडी इतकं बसलेलं होतं, की ऑफिसात कुणी पेढे वाटायला घेतले तरी मागून कुणीतरी तेच म्हणायचं. दादा जमीन मोजणीवाले, मी त्याच ऑफिसात लिपिक, आणि मंगरूळपीरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन भाऊ एकमेकांवर धावून आले तरी हे शांतपणे खुंट्या ठोकत राहायचे. घरी साखर घेतली तरी चमचा वरून बोटानं सपाट करायचे. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेलच. नसेल तर काय सांगू, मोठी गंमत हुकली तुमची.

मागच्या हिवाळ्यात दादा गेले. तेव्हापासून त्यांची आठवण निघाली की मला ती कॉफीच आठवते, आणि अजूनही तिचा नीट उलगडा होत नाही.

बायको लवकर वारली, म्हणून एकुलत्या एक पोरीला त्यांनीच वाढवलं. वेण्यासुद्धा हेच घालायचे. ती नोकरीला बंगलोरला गेली आणि तिथल्या एका कानडी मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. बापाला फोन केला तो नंतर. जातीचा राग त्यांना नव्हता, भाषेचाही नव्हता. मला विचारलं नाही, एवढंच त्यांना लागलं. पण लागलं ते असं, की गल्लीतल्या दहा जणांसमोर बोलून बसले, "त्याले माह्या घरी चहाबी भेटणार नाई."

आता आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा मिळतो. त्यामुळं हे बोलणं साधं नव्हतं. दोन वर्षं पोरीशी फोनवर "जेवली काय?" एवढंच चालायचं. जावयाचं नाव नाही. निघालाच तर तो विषय "तो बंगलोरवाला" म्हणून यायचा आणि तिथंच संपायचा.

मग एकदा पोरीचा फोन आला, की पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही दोघं येतोय. दादा दोन दिवस ऑफिसातून थेट घरी जाऊन दार लावून बसले. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, शब्द मागं घ्या की, कोण तुम्हाला फाशी देतंय? त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शब्द कायले मागं घेऊ? मी चहाचं म्हटलं होतं. कॉफीचं कायी बोललो नोतो."

मला हसावं की रडावं कळेना. साऱ्या तालुक्याच्या हद्दी ठरवणाऱ्या माणसानं आपल्या रागाची हद्दही नेमकी चहापाशी आणून ठेवली होती. शब्दही राहिला पाहिजे आणि पोरगीही हातची जायला नको. त्यांचं सगळं त्या एका कपावर आलं होतं.

जावई फिल्टर कॉफी पितो, हे पोरीनं कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवत होतं. आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात फिल्टर म्हटलं की काय डोळ्यांपुढं येतं? जारचं पाणी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फिल्टरच्या पाण्याचा मोठा जार घरी आणवला. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं कॉफी बिघडत असणार, म्हणून ते लोक फिल्टरचं वापरतात, असं त्यांनी मला समजावलं. मलाही ते पटलं. पटू नये असं त्यात काय होतं?

चार दिवसांनी पोरीचं पार्सल आलं, नवऱ्याच्या कॉफीसाठी तिनं आधीच पाठवलेलं. त्यात कॉफीचा पुडा आणि एक पितळी दुमजली डबा. वरच्या मजल्याच्या बुडाला बारीक बारीक भोकं, आणि आत दांडीची एक चकती. चकती त्यांना ऑफिसच्या शिक्क्यासारखी वाटली. भोकं पाहून मात्र चेहरा उतरला. पोरीला दुकानदारानं फसवलं म्हणाले. एक फोन करून तिला विचारायचं ना! पण विचारलं असतं तर बाप तयारीला लागलाय हे तिला कळलं असतं. ते कसं चालेल?

मग डबा घेऊन ते दर्ग्याच्या रस्त्यावर भांड्यांना डाग देणाऱ्या चाचांकडं गेले आणि सगळी भोकं बुजवून आले. पाणी भरून मला दाखवलं. एक थेंब गळत नव्हता.

त्यानंतर रोज ऑफिस सुटलं की माझ्या स्वयंपाकघरात प्रयोग. जारचं पाणी, दूध, पावडर, सगळं मोजून त्या डब्यात उकळायचं आणि मोजणीच्या वहीत लिहायचं. एक दिवस कडू जहर झाली, एक दिवस जायफळ घातलं तर आमच्या ह्यांनी काढा म्हणून बाजूला सारली. दाताखाली गाळ तर रोजचाच. "कशी झाली, ताई?" विचारायचे. मी काय सांगणार कपाळ! लग्नातली फेसाची कॉफी सोडली तर मी तरी कुठं कॉफी प्यायले होते?

शनिवारी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. एक बाई तसाच डबा घेऊन बसलेली. वर पावडर, त्यावर चकती, त्यावर उकळतं पाणी, आणि त्या भोकांतून खाली थेंब थेंब कॉफी उतरतेय. मी तशीच पळत गेले. दादांनी ते दोनदा पाहिलं.

"म्हंजे भोकं पायजेतच होते?"

डबा पुन्हा चाचांकडं. चाचा भडकले. "उस दिन बंद करवाए, आज खुलवा रहे. डब्बा है के सरकारी फाइल?" तरी त्यांनी भोकं पाडून दिली, पण ती ज्वारीच्या दाण्याएवढी. पावडर टाकली की सरळ खाली.

रविवारी दोघं आले. जावई उंच, लाजरा. वाकून पाया पडला, "अप्पा" म्हणाला. दादा नुसतं "बसा" म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते व्हिडिओतल्यासारखे स्टीलचे ग्लास वाट्यांत ठेवून. ते पाहून पोरगी बापाकडं बघतच राहिली.

मीही एक घोट घेतला. ती कॉफी होती की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. पोरगी काहीतरी बोलणार, तेवढ्यात जावयानं तिच्या हातावर हात ठेवला. तो सावकाश पीत राहिला. शेवटी ग्लास तिरपा करून तळाचंही संपवलं आणि म्हणाला, "अप्पा, थोडी और मिलेगी?"

दादा ग्लास घेऊन आत गेले. मी मागोमाग गेले. ते खिडकीपाशी उभे राहून रिकाम्या ग्लासात बघत होते.

"गाळबी पेऊन घेतला पोरानं, ताई."

त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला.

"मी आंदर चाखून पाह्यली होती. मले एक घोट गेला नोता."

एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा गमछा तोंडावर धरला आणि तिथंच खाली बसले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.