नाईटवालं एन्झाइम

मसाटच्या औषध कारखान्यातली नाईट सुटली की पॅकिंगमधला तो कामगार चहाच्या टपरीवर यायचा आणि बिस्किटाच्या पुड्याचंही सील अंगठ्यानं दाबून बघायचा. प्रश्न विचारायचा, पण उत्तराला कधी थांबायचा नाही.

मी कोलेस्टेरॉलची गोळी सकाळी घेतो, हे ऐकून तो उखडलाच. "सर, सायन्स शिकवता आणि एवढं माहीत नाही? लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम नाईटला जोरात चालतं. गोळी झोपताना घ्या, म्हणजे त्याला ड्यूटीवरच पकडेल!"

पुढच्या वर्षी त्यालाही तीच गोळी लागली. स्ट्रिपवर अंगठा फिरवत तो म्हणाला, "सर, मी तर कायम नाईटला. झोपतो दिवसा. मग माझं एन्झाइम कोणत्या पाळीला येत असेल?"

त्या दिवशी चहा निवला, तरी तो उत्तरासाठी थांबून होता.