मनगटाचा एक्स-रे

मुलांनो, तुम्ही आजोबांचे फोटो मागितलेत, म्हणून हे आत्ताच लिहिते. फोटोंबरोबर आणखी एक गोष्ट तुमच्याकडे येणार आहे.

काल कॉम्प्युटर दुरुस्त करणारी सुलभा आली होती. जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती, म्हणून सगळी सिस्टिम आणि फायली नव्या डिस्कवर हलवायच्या होत्या. "आजी, नको असेल ते आधीच काढा," ती म्हणाली. मी एकेक फोल्डर तपासत गेले आणि माझ्या डाव्या मनगटाचा एक्स-रे समोर आला. दवाखान्यात मी सांगितलं होतं, न्हाणीघरात पाय घसरला. खरं म्हणजे मी तुमच्या आजोबांचे कागद नीट लावून ठेवले होते, त्यातला एक त्यांना सापडेना, आणि त्यांनी माझा हात हाड मोडेपर्यंत पिरगळला.

ती फाईल खोडता खोडता मी थांबले. यंत्र नक्कल करताना चांगलं-वाईट बघत नाही. निवड आपण करतो, आणि उरेल त्याला आठवणी म्हणतो.

जुनी डिस्क कुणाच्या हाती पडू नये म्हणून फोडायची होती. हातोडी मीच घेतली. तिसऱ्या घावाला पत्रा फाटला, आतली आरशासारखी तबकडी दिसली, तिच्यावरही मी घाव घालत राहिले.

"अहो आजी, पुरे! कुणाचा राग काढताय?"

"ह्यांचा."

सुलभा हसली. मग माझ्याकडे पाहून तिनं हसू आवरलं.

आजोबांचे सगळे फोटो नव्या डिस्कवर आहेत. त्याच फोल्डरमध्ये एक्स-रेही आहे.