साहेबांच्या नावाचा नगारा

मी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवतो. म्हणजे तांब्याचे मोठाले हंडे, वर ताणलेला पडदा, आणि उभं राहायचं सर्वांत मागे. बराच वेळ मात्रा मोजत गप्प थांबायचं आणि व्हायोलिनवाले टिपेला पोचले की त्यांच्या पायाखाली जमीन घालायची. हे वाद्य मुळात नगाऱ्याचंच भावंड. म्हणून आमच्या संगीतकाराने नव्या रचनेत टिंपनी आणि देवळातला खरा नगारा यांचा सवाल-जवाब लिहिला, तेव्हा मी हुरळलोच. नेकनूरकडच्या एका गावात आरतीला नगारा वाजवणाऱ्या सुभद्राबाईंचा व्हिडिओ मी पाहिला होता. फोन केला तर म्हणाल्या, "या की. नगारा घिऊनच येते मी." जत्रा झाली की न्यायला येतो, असं ठरलं.

पहाटे गाडी काढली. नगर, जामखेड, पाटोदा असा रस्ता धरा. काही पट्टे सोडले तर चांगला आहे. मांजरसुंब्याला थांबून रबडी खा. पुढे एका ढाब्यावर भाकरी आणि येसराची आमटी मिळाली, घाम फुटेल अशी तिखट. प्रवासातलं गोड-तिखट इथेच संपलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे सुभद्राबाईंना राहायचं आहे.

देवळात नगारा होता. जत्रेत त्याला नवं कातडं चढवलं होतं आणि त्यावर लाल ऑइलपेंटने, जाड थरात, देणगीदार साहेबांचं नाव लिहिलं होतं. हुद्द्यासकट. पंख्यावर, बाकड्यावर, पायरीवर नाव असतं हे मला माहीत होतं. पण कातड्यावर?

"वाजवून दाखवा ना," मी म्हणालो.

सुभद्राबाईंनी टिपरू उचललंच नाही. "सायबाच्या नावावर टिपरू हाणू? मंग गावात ऱ्हाऊ कुठं?" मग इकडेतिकडे बघून त्यांनी अक्षरांच्या कडेला बोटाने टिचकी मारली. थप. ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. रंगाच्या थराने कातड्याचा आवाजच गिळला होता.

एवढ्यात देवस्थानचे अध्यक्ष आले. कातडं माझ्या खर्चाने बदलून देतो, म्हटलं. ते हसले. "सायबानं दिलेलं कातडं काडायचं? निवडणूक तोंडावर हाय, राव. अन् आता मशीन हाय की! बटन दाबलं की घंटी, झांज, नगारा समदं एकदम. कावून म्हातारीला तरास?"

त्यांनी लगेच बटण दाबून दाखवलं. भिंतीवरचं यंत्र एका लयीत बडवू लागलं. सुभद्राबाई पदराने नगाऱ्याचं तांबं पुसत बसल्या. नवऱ्यामागे इतकी वर्षं त्यांनी हा नगारा वाजवला होता.

निघताना मी विनवलं, नगारा राहू द्या, तुम्ही तरी चला, आमच्या टिंपनीवर वाजवा.

"देवाचा नगारा हितं मुका, अन् मी तिकडं वाजवू? न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या नगाऱ्यावर कुणाचं नाव हाय?"

"कुणाचंच नाही," मी ताठ मानेने सांगितलं.

"मंग तुमी वाजवा. अन् कसा वाजला ते कळवा."

परतीच्या वाटेवर मी रबडीलासुद्धा थांबलो नाही. पुण्यात संगीतकाराला म्हटलं, नगाऱ्याच्या मात्रा रिकाम्या ठेव, लोकांना ती शांतता ऐकू दे. तो म्हणाला, "वेडा आहेस का? कीबोर्डमध्ये नगारा आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी तालीम संपली आणि व्यवस्थापक प्रायोजकाच्या नावाचे स्टिकर घेऊन आला. चांगले वीतभर. "कातड्यावर नाही हो, तांब्यावर. आवाजाला काय होतंय?" खरंच काही होत नव्हतं. मी बाजूला झालो, त्याने दोन्ही हंड्यांवर प्रेक्षकांच्या बाजूने चिकटवले.

संध्याकाळी कीबोर्डने सवाल टाकला, मी जवाब दिला. टाळ्या थांबेनात. सगळ्यांनी सांगितलं, झकास वाजला.

सुभद्राबाईंना मी अजून कळवलेलं नाही.